भानुदासचं परतीचं तिकीट

साखरेच्या पॅनवर मी चौतीस हंगाम काढले, पण गावात मला साखरेबद्दल कुणी काही विचारत नाही. देवळाली प्रवऱ्यातला जो तो माझ्याकडे येतो तो विमानतळाबद्दल विचारायला. लेकीकडे दुबईला जायचंय, काउंटरवर काय विचारतात? लोणच्याची बरणी हातात घ्यावी की बॅगेत टाकावी? इमिग्रेशनचा साहेब रागावतो का? जे काम मला खरोखर येत होतं त्याची चौकशी नाही, आणि ज्यात मी पुन्हापुन्हा तोंडावर आपटलो त्यातला मी गावचा जाणकार. या अंकाच्या संपादकांनीही 'परदेशातल्या नोकरीचे अनुभव' मागितलेत, साखरेचे नाही. तेव्हा तेच लिहितो.

तरी थोडी साखर आधी. उसाचा रस गाळून, आटवून त्याचा पाक करतात. तो पाक दोन माणसं उंच अशा एका बंद भांड्यात घेतात, आतली हवा काढून टाकतात आणि कमी उष्णतेवर शिजवतात. हे भांडं म्हणजे पॅन, आणि त्यात साखरेचा दाणा धरवणारा तो पॅनमन. भांड्याला एक दांडा असतो, तो ओढला की आतला चमचाभर माल बाहेर येतो. तो काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यापुढे धरायचा, अंगठ्याने चोळून बघायचा. दाणा एकसारखा वाढतोय की बारीक चुरा पडायला लागलाय, हे तेव्हाच कळलं तर उपयोग. माझा अंगठा त्यात कधी चुकला नाही, निदान फारसा नाही. या लेखात एवढी एकच बढाई आहे, ती आटोपली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी टांझानियातल्या एका कारखान्याने बोलावलं. आमच्या भागातले पॅनमन, फिटर, केमिस्ट असे बरेच जण आफ्रिकेत जातात. तिकडे ऊस आहे, कारखाने आहेत, आणि हंगाम आपल्यापेक्षा वेगळ्या महिन्यांत असतो. कारखान्याने जाण्याचं तिकीट पाठवलं. परतीचं नाही, कारण गाळप कधी संपेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "ऑनवर्ड तिकीट?"

मी हातातलं तिकीट पुढे केलं.

"हे नाही. ऑनवर्ड."

ऑनवर्ड म्हणजे पुढचं, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी म्हणालो, "पुढचं हेच आहे. मागचं एसटीचं होतं, ते दादरला टाकून दिलं."

ती मराठीत आली. "काका, तिथून परत यायचं तिकीट. नाहीतर तिथून दुसऱ्या कुठल्या देशात जायचं. तिथून तुम्ही बाहेर पडणार, याचा कागद."

"परत कधी यायचं ते बॉयलर बंद झाल्यावर ठरणार."

"असं मला कॉम्प्युटरमध्ये लिहिता येत नाही."

तिचं बरोबर होतं. परक्या देशाने एखाद्याला दारातून माघारी लावलं, तर त्याला परत आणायची जबाबदारी ज्या विमानाने नेलं त्याच कंपनीवर येते, वर दंडही बसू शकतो. म्हणून आपल्याला आत घ्यायच्या आधीच ते विचारतात की बाबा, बाहेर कसा पडणार? हे मला आज समजतं. त्या दिवशी मी रांगेतून बाजूला होऊन, पापडाची पिशवी पायात धरून कारखान्याच्या मुंबईतल्या माणसाला फोन करत बसलो. तासाभराने त्याने परतीचं तिकीट मोबाईलवर पाठवलं. तारीख बदलता येईल असं, पण खरं तिकीट. त्यातला 'खरं' हा शब्द मी तेव्हाच नीट ध्यानात घ्यायला हवा होता.

उतरल्यावर तिथल्या इमिग्रेशनच्या साहेबाने विचारलं, काय काम करणार? हे वाक्य मी विमानात बसल्यापासून पाठ केलं होतं. "आय कुक शुगर."

त्याने माझा कागद पाहिला. कागदावर टेक्निशियन लिहिलेलं. "म्हणजे तू कुक आहेस?"

"यस सर. थर्टी फोर इयर्स."

मला बाकावर बसवलं. साहेबाच्या दृष्टीने हा माणूस तंत्रज्ञ म्हणून कागद करून आला होता आणि होता आचारी. कारखान्याचा माणूस बाहेर गाडी घेऊन उभा होता, त्याला आत बोलावून सगळं समजावून सांगेपर्यंत दुपार झाली. तोही बाहेर पडल्यावर पोट धरून हसला, आणि कारखान्यावर पोचायच्या आत ही गोष्ट तिथे पोचली. तो पूर्ण हंगाम मला सगळे शेफ म्हणायचे.

एवढं होऊन शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण परत आलो आणि पारावर ही गोष्ट सांगताना मी ती थोडी बदलली. बाकावर मी बसलो नव्हतो, साहेबानेच मला मानाने बसवलं होतं. तिकीट नव्हतं हे खरं, पण मी असं काही बोललो की काउंटरवरची मुलगी गप्पच झाली. दुसऱ्या हंगामानंतर लोक कागद घेऊन घरी यायला लागले. मी प्लास्टिकची एक निळी फाईल आणली, चष्मा कपाळावर सरकवायला शिकलो आणि "बघतो मी" असं म्हणायला लागलो. आमची मंडळी म्हणायची, "पॅनवर होतात तेव्हा एवढे ताठ बसत नव्हता."

तिसऱ्या वर्षी भानुदासचं प्रकरण झालं.

भानुदास श्रीगोंद्याचा, माझ्यापेक्षा सहासात वर्षांनी लहान, मिल फिटर. साखर कारखान्यात ऊस पिळणारे मोठाले लोखंडी रोलर असतात, त्याला मिल म्हणतात. दोन रोलरमधलं अंतर केसभर चुकलं तरी रस चिपाडात जातो. भानुदास चालू मिलजवळ उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा की कुठलं बेअरिंग गरम होतंय. आमच्या कारखान्यात तो बंद हंगामातल्या दुरुस्तीला यायचा, तेव्हापासूनची ओळख. टांझानियातल्या कारखान्याला तीन महिन्यांसाठी असा माणूस हवा होता, मी त्याचं नाव सुचवलं. त्यालाही लेकीचं लग्न उरकल्यावर एकदा जग बघायचं होतं. तो पुण्याच्या पुढे एका वऱ्हाडाबरोबर एकदाच गेला होता.

कारखान्याने त्याचंही जाण्याचंच तिकीट पाठवलं, काम झाल्यावर परतीचं देऊ म्हणाले. मला तिथे काम करण्याचा परवाना मिळालेला होता, त्यामुळे मला कुणी परतीचं विचारणार नव्हतं. भानुदासला मात्र विचारणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सरळ मार्ग एकच होता. कारखान्याला कळवायचं, की याचं परतीचं तिकीट आताच द्या. त्यांनी दिलंही असतं, चारआठ दिवस लागले असते. पण तसं कळवलं तर आपल्याला यातली वाट ठाऊक नाही असं दिसेल, असं माझ्या मनाने घेतलं.

वाट मला ठाऊक होती. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, माझ्या ओळखीचा एक तिकीटवाला होता. पैसे न भरता विमानातली जागा दोन दिवस नुसती धरून ठेवता येते. त्या दोन दिवसांत त्या जागेचा नंबर असतो, त्यावर नाव असतं, छापला तर तो कागद तिकिटासारखाच दिसतो. दोन दिवसांनी ते आपोआप रद्द होतं. याला लोक डमी तिकीट म्हणतात. मी ते करून घेतलं आणि भानुदासच्या हातात दिलं.

त्याने उलटून पालटून बघितलं. "अण्णा, हे खोटं तर न्हाई ना?"

"खोटं नाही रे. तात्पुरतं आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे आता आहे, नंतर नाही."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "मिलचा बोल्ट आसा बसवला तर चालंल का?"

"ही मिल नाही, इमिग्रेशन आहे," मी म्हणालो, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

निघताना श्रीगोंद्यात त्याला फेटा बांधला, हार घातला, फोटो काढले. त्याची बायको सुमन मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांना विंग्रजी येत न्हाई. काय विचारलं तर तुमीच बोला."

"काळजी करू नका," मी म्हणालो.

मुंबईच्या काउंटरवर कागद चालला. तिथल्या मुलाने नंबर टाकला, नाव आलं, भानुदासला बोर्डिंग पास मिळाला. मी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी स्वतः विमान बनवलंय. वाटेत विमान बदलायचं होतं. तिथे दुसऱ्या विमानात काही बिघाड निघाला आणि आमची रवानगी हॉटेलात झाली. पांढऱ्याशुभ्र चादरी, जेवण कंपनीकडून. मी भानुदासला सांगत होतो की परदेशी कंपन्या माणसाची कशी कदर करतात. त्याचं परतीचं तिकीट त्या मुक्कामातच रद्द झालं. मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो. परवानेवाल्यांची रांग वेगळी. मी पाच मिनिटांत पलीकडे गेलो आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहिलो. माझी बॅग आली. भानुदासची पेटीही आली. लाकडी, कडी लावलेली, सुतळीने आवळलेली. तिच्यात त्याचे स्वतःचे पाने, अंतर मोजायचे गेज, कानशी होत्या. परक्या पान्याने त्याचा हात चालत नसे.

मागे वळून बघतो तर भानुदास रांगेत नव्हता. त्याला बाजूच्या टेबलापाशी उभं केलं होतं. एक पन्नाशीच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या, हातात तो कागद होता. त्यांनी फोन लावला, काहीतरी विचारलं, ठेवला. मग भानुदासला काही विचारलं. भानुदासने हात उचलला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

माझ्या बुटाला नाडी नव्हती. तरी मी वाकून राहिलो. पट्टा फिरत होता, लोकांच्या बॅगा माझ्या डोक्यावरून जात होत्या, आणि मी नुसतीच बोटं हलवत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या वेळात माझ्या डोक्यात भानुदास नव्हता, हे लिहायला जड जातं. माझा परवाना रद्द होईल का, एवढंच होतं. शेवटी एका शिपायाचे काळे बूट माझ्यासमोर येऊन थांबले.

बाई रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "हे तिकीट खरं आहे का?"

"मॅडम, ते टेम्पररी आहे."

"टेम्पररी म्हणजे काय? या माणसाला या विमानात जागा आहे की नाही?"

दोन वर्षं मी पारावर इमिग्रेशनच्या गोष्टी सांगत होतो. त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडेना. भानुदास माझ्याकडे बघत होता, राग म्हणून नाही. आता अण्णा बोलतील, अशा नजरेने.

"नाही," मी म्हणालो. "मी करून घेतलं. त्याला माहीत नव्हतं."

बाईंनी मान हलवली. "कागद त्याने दाखवला. त्यामुळे तो परत जाईल, संध्याकाळच्या विमानाने."

"आणि मी?"

"तुमच्याकडे परवाना आहे. तुम्ही जाऊ शकता."

मी पुन्हापुन्हा सांगितलं की चूक माझी आहे, कारखान्याला फोन लावून देतो, ते आता तिकीट काढतील. बाई म्हणाल्या, खोटा कागद दाखवल्यावर खरा चालत नाही, पुढच्या वेळी खरा घेऊन यायला सांगा. कारखान्याचा माणूस आला, त्यालाही तेच सांगितलं.

मी भानुदासला मराठीत सगळं समजावलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने फक्त पेटीकडे पाहिलं.

"अण्णा, ती पेटी घेऊन जा. तिथल्या फिटरला लागंल."

"अरे, पण तुझी हत्यारं..."

"मी घरी जाऊन काय करू तिचं? मिल तर इथं हाय."

पेटी घेऊन मी बाहेर आलो. ती किती जड होती ते सांगत नाही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मी सहानुभूती मागतोय.

तो हंगाम मी पॅनवर काढला. दाणा चांगला पडला, मालकांनी पाठ थोपटली. मिलचा फिटर तिथलाच एक भला माणूस होता, भानुदासची हत्यारं वापरून रोज पुसून ठेवायचा आणि "या पेटीचा मालक कधी येणार?" असं विचारायचा. मी म्हणायचो, बघतो मी. भानुदासला मी दोनदा फोन लावला. पहिल्यांदा तो शेतात होता, दुसऱ्यांदा लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "या अण्णा, आलं की बोलू." त्यानंतर माझी छाती झाली नाही.

परत आलो तसा थेट श्रीगोंद्याला गेलो. वाटेत गाडीत माफीचं भाषण जुळवत होतो. दारात सुमन होती. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. मग चुलीपाशी बसूनच म्हणाली, "चहा घ्या अण्णा, पन कागदाचं काय बोलू नका."

"भानुदास रागावलाय का?"

"रागावले आसते तर बरं हुतं. फेटा बांधून गेलेला मानूस आठ दिसांच्या आत दारात. लोकांनी लई विचारलं. हे सगळ्यांना सांगत राहिले, तिकडची मिल बंद पडली. तुमचं नाव कुटं घेतलं न्हाई. मला सुदिक म्हनले, तू कुनाला सांगू नको, अण्णाकडं लोक कागद घेऊन जात्यात."

माझं भाषण तिथेच संपलं.

भानुदास आला. पेटी उघडून त्याने एकेक पाना बघितला, कानशींवरून बोट फिरवलं. "नीट वापरलीत," म्हणाला. हे त्याने त्या फिटरबद्दल म्हटलं, पण त्या दिवशी मी तेवढं स्वतःकडे घेतलं.

नंतर मी पारावर जाऊन खरी हकीकत सांगितली. बुटाच्या नाडीसकट. लोक आधी हसले, मग एकाने विचारलं, "मग डमी तिकिटाला किती दिवस मुदत असते म्हणालात?" तेव्हा मी निळी फाईल घरी जाऊन माळ्यावर टाकली.

पुढच्या वर्षी कारखान्याने भानुदासला पुन्हा बोलावलं. या वेळी परतीच्या खऱ्या तिकिटासह. पण पासपोर्टवर एकदा माघारी लावल्याचा शिक्का बसला की पुढच्या वेळी त्याबद्दल विचारतात. कारखान्याने पत्र दिलं की मागच्या वेळी तिकिटाची अडचण होती, आता ती नाही. मी म्हणालो, मीही एक पत्र देतो.

त्या पत्राला मला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, 'काही तांत्रिक कारणाने तिकीट रद्द झाले.' दुसऱ्यात, 'आमच्याकडून अनवधानाने.' आमची मंडळी बाजूला भाजी निवडत होती, ती म्हणाली, "आमच्याकडून म्हणजे कुणाकडून? मी तर घरी होते." शेवटी इंग्रजीत तीन ओळी झाल्या. ते तिकीट मी करून घेतलं. ते बरोबर आहे असं मी याला सांगितलं. ते बरोबर नव्हतं. खाली सही, नाव, गाव.

त्या वर्षी मी स्वतः जाणार नव्हतो, तरी त्याच्याबरोबर मुंबईपर्यंत येतो म्हणालो. भानुदासने पेटीला सुतळी आवळता आवळता मान हलवली. "नगं अण्णा. तुमी आलात की मी तुमच्याकडंच बघत बसतो."

तो एकटा गेला. त्या दोन दिवसांत मी फोन खिशातून काढून हातात धरला तो जेवतानासुद्धा ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"पोचलो अण्णा. मिलवर हाय."

"काय विचारलं?"

"त्याच बाई हुत्या. त्यांनी शिक्का बघितला, तिकीट बघितलं, फोन करून खात्री केली. मग तुमचं पत्र वाचलं. दोन येळा वाचलं. कारखान्याचा मानूस आत आलेला, त्यानं मला हिंदीत सांगितलं काय म्हनत्यात ते."

"काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, हे लिहिनारा आता कुठं हाय? मी म्हनलं, घरी हाय. तर म्हनल्या, बरं झालं. आणि शिक्का मारला."

मी हसलो. तो हसला नाही, त्याला हे सांगण्यासारखं वाटलं म्हणून त्याने सांगितलं होतं. मग तो मिलबद्दल बोलायला लागला. तिसऱ्या मिलचा वरचा रोलर कसा झिजलाय, तिथल्या फिटरने अंतर कसं धरलंय, कुठलं बेअरिंग आवाज करतंय, आणि तो फिटर आणि हा एकमेकांशी कुठल्याच भाषेत न बोलता कसं काम करतायत. अर्धा तास बोलला. त्या अर्ध्या तासात त्याने मला एकही गोष्ट विचारली नाही.